विहिरीतला दगड समुद्रकाठी

रेक्याविक, आइसलँड
२८ मे

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रात्रीचे साडेदहा वाजले आहेत आणि बाहेर अजून इतका उजेड आहे की पडदा ओढल्याखेरीज डोळा लागायचा नाही. तेव्हा झोपेची वाट पाहण्यापेक्षा तुला पत्र लिहावे असे ठरवले. ताईने तुला फोटो पाठवले असतीलच. पण फोटोंत धबधब्यासमोर उभे असलेले तुझे आईवडील दिसतात, धबधबा कशावरून पडतो ते दिसत नाही, आणि मला लिहायचे आहे ते त्याविषयीच, म्हणजे दगडाविषयी. निघायच्या आदल्या दिवशी विहिरीच्या काठावर आपले बोलणे अर्धेच राहिले होते. सहा परस खोलीवर काळा पाषाण लागला, आता दगड वर काढणारी यारी उठव आणि पैसे वाचव, असे मी म्हणालो, आणि तू काहीही न बोलता यारीवाल्याकडे निघून गेलास. त्या बोलण्याकडे मी येणारच आहे, पण आधी आजचा दिवस.

सकाळी सातला निघालो. गाडी दाजी चालवत होते. भाड्याची गाडी घेताना इथे वाळू आणि राख यांचा वेगळा विमा उतरवायचा का, असे विचारतात. वादळात उडालेल्या वाळूने गाडीचा रंग खरवडून निघतो म्हणे. दार उघडताना ते दोन्ही हातांनी धरायचे, कारण वारा दार उलटे वाकवतो. दिवसाढवळ्याही दिवे लावूनच गाडी चालवायची, असा कायदा आहे. सबंध देशाला फेरी घालणारा क्रमांक १ चा रस्ता सुमारे १३२२ किलोमीटरांचा असून १९७४ साली तो पुरा जोडला गेला. आम्ही त्यातला दक्षिणेकडचा तुकडाच पाहिला, वीक या गावापर्यंतचा, जाताना सुमारे १८७ किलोमीटर, म्हणजे केजहून संभाजीनगरला जावे तेवढा.

शहर संपल्यावर रस्ता एका पठारावर चढतो आणि दोन्ही बाजूंना शेवाळाने झाकलेला खडबडीत लाव्हा सुरू होतो. हे हेल्लिशेइदी. इथे जमिनीतून पांढरी वाफ उठताना दिसते आणि त्या वाफेवर ३०३ मेगावॉटचे वीजकेंद्र चालते. त्याच केंद्रातले गरम पाणी नळांवाटे रेक्याविकच्या घरांत जाते. परळीच्या केंद्राला कोळसा रेल्वेने आणावा लागतो आणि इथे जळण पायाखालीच आहे, हे पाहून तुझी आई म्हणाली, की म्हणजे यांची चूल कधी विझतच नाही. सकाळी अंघोळीच्या पाण्याला उकडलेल्या अंड्याचा वास का येतो, याचाही उलगडा तिथेच झाला.

पठार उतरल्यावर सपाट कुरणे, मेंढ्या आणि त्यांची नुकती जन्मलेली कोकरे लागतात. डावीकडे एक उंच कडा सुरू होतो आणि त्यावरून सेल्यालान्सफॉस पडतो. फॉस म्हणजे धबधबा. साठेक मीटरांवरून पाणी सरळ कुंडात उतरते आणि त्याच्या मागे कपारीतून पायवाट आहे, म्हणजे धबधब्याच्या पाठीमागून चालत पलीकडे निघता येते. सौताड्याला तुला पहिल्यांदा नेले तेव्हा तू सात वर्षांचा होतास आणि तू कड्याकडे जाऊ नयेस म्हणून सबंध वेळ मी तुझा दंड धरून ठेवला होता. आज ताईने माझा धरला. कपारीत उभे राहून मी पाण्याकडे कमी आणि डोक्यावरच्या छताकडेच जास्त पाहत राहिलो: वरचा थर कठीण, खालचा ठिसूळ, आणि ठिसूळ तेवढा तुषारांनी झिजून पोकळी झालेली. वर्गात फळ्यावर हीच आकृती मी वर्षानुवर्षे काढली होती. तिच्या आत जाऊन उभे राहण्याची वेळ येईल असे वाटले नव्हते.

तुझ्या आईने जत्रेत घेतलेला प्लास्टिकचा रेनकोट घातला होता, तो वाऱ्याने दोन मिनिटांत फाटला. ओलीचिंब होऊन ती कुंडाशी बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "एवढं पाणी नुसतं पडतं आन् समुद्रात जातं?" मी हो म्हणालो. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, तेव्हा तू तिथे शिकायला होतास आणि खोलीवर चौघांना मिळून दिवसाला चार घागरी मिळत होत्या; फोनवर तू अंघोळीचे नाव काढत नसायचास. मला तेच आठवले आणि तिलाही तेच आठवत असावे, पण आम्ही दोघेही त्यावर काही बोललो नाही.

तिथून अर्ध्या तासावर स्कोगाफॉस. हाही साठेक मीटरच, पण पंचवीसेक मीटर रुंद, आणि याच्या मागे जाता येत नाही. वर जाण्यासाठी जिना आहे. माझ्या गुडघ्याने शंभरेक पायऱ्यांवर हात टेकले, दाजी आणि ताई वर जाऊन आले. या धबधब्यामागे एका जुन्या वसाहतवाल्याने सोन्याची पेटी लपवली आहे आणि ती ओढायला गेलेल्या मुलाच्या हातात फक्त तिची कडी आली, अशी गोष्ट इथे सांगतात. आपल्याकडे प्रत्येक गढीखाली सोन्याचा हंडा असतो, तसेच हे. मला खरे नवल वेगळ्याच गोष्टीचे वाटले. हा कडा म्हणजे पूर्वीचा समुद्रकिनारा आहे. एके काळी लाटा याच्या पायाशी आपटत होत्या. बर्फाचे ओझे उतरल्यावर जमीन वर आली, हिमनद्यांच्या पुरांनी गाळ आणून टाकला, आणि समुद्र पाचेक किलोमीटर मागे सरला. समुद्रपक्षी मात्र अजून त्याच कड्यावर घरटी करतात.

या कड्याच्या माथ्यावर, ढगांत अर्धा बुडालेला, एयाफ्यात्लायोकुत्ल हा बर्फाखालचा ज्वालामुखी आहे. तुला आठवेल, १४ एप्रिल २०१० नंतर याच्याच राखेने युरोपातली विमाने जवळजवळ आठवडाभर जमिनीवर बसवली होती. वर्तमानपत्रात आलेले ते नाव मी दहावीच्या वर्गात वाचायला दिले होते आणि एकालाही ते एका दमात म्हणता आले नव्हते. मलाही नव्हतेच, पण मी शिक्षक असल्यामुळे कोणी मला म्हणायला सांगितले नाही. राख इतकी बारीक का झाली, तर तप्त शिलारस बर्फाखाली बाहेर पडला, बर्फाच्या पाण्याने एकदम थंड झाला आणि काचेसारखा तडकून त्याचा भुगा झाला.

पुढे रस्त्याच्या डावीकडे डोंगरांचे उतार पायऱ्यापायऱ्यांचे दिसू लागले, मांजरसुंब्याच्या घाटात आपले बालाघाटचे डोंगर दिसतात तसे. एका लाव्हाच्या थरावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. तीस वर्षे मी मुलांना दख्खनचा ट्रॅप, म्हणजे आपल्या पठाराचे असेच लाव्हाचे थर, शिकवला आणि ट्रॅप हा शब्द कुठून आला, हे पुस्तकात असेल तेवढेच सांगितले: स्वीडिश भाषेत तसा शब्द जिन्यासाठी आहे. आणि गेल्या आठवड्यात कोपनहेगनला ताईच्या इमारतीत उद्वाहक बंद पडला, तेव्हा शेजारीण मला बोट दाखवून "ट्रापे, ट्रापे" म्हणू लागली. डेन्मार्कातही जिन्याला तोच शब्द आहे. त्या जिन्याने चार मजले चढताना मला धाप लागली होती, पण आनंदही तेवढाच झाला होता.

वीकला पोचल्यावर गाडीतच बसून धपाटे आणि शेंगांची चटणी खाल्ली, कारण इथल्या खाणावळीतल्या किमती रुपयांत मोजल्या की घास गिळत नाही. गाव लहान आहे. टेकडीवर लाल छपराचे चर्च आहे, आणि गावाच्या मागे बर्फाखाली कात्ला नावाचा ज्वालामुखी आहे. त्याचा शेवटचा मोठा उद्रेक १९१८ साली झाला. तो जागा झाला तर वितळलेल्या बर्फाचा पूर येतो, म्हणून चर्चच्या टेकडीवर पळायचे, असे गावातल्या लोकांना ठाऊक असते. १९१८ च्या पुराने इतका गाळ आणला की किनारा समुद्रात कित्येक किलोमीटर पुढे सरकला.

आता रेय्निस्फ्यारा, म्हणजे वीकजवळचा काळा किनारा. मला आज जे पाहायचे होते ते इथे होते.

सबंध किनारा काळा. ओली असताना वाळू घासलेल्या तव्यासारखी चमकते आणि मूठभर उचलून पाहिली तर कण गोल, वजनदार, गार. त्यांत एकही पांढरा कण सापडला नाही. किनाऱ्याला लागून जो कडा आहे, त्याचा पायथा खांबांचा बनलेला आहे. ज्वारी काढल्यावर आपण पेंढ्यांचे बुचाड उभे करतो, तसे शेकडो खांब एकमेकांना चिकटून उभे, काही उंच, काही गुडघ्याएवढे, त्यांच्या पायऱ्या झालेल्या. बहुतेक सहा कडांचे, काही पाचांचे. लाव्हाचा जाड थर सावकाश थंड होताना आकसतो आणि त्याला पडलेल्या भेगा हळूहळू आत उतरतात. पाणी आटलेल्या तळ्यातल्या गाळाला भेगा पडतात, तसेच. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल आहे, तीही अशाच खांबांची. मी एका खांबावर तळहात ठेवला. बाळ, तो आपल्या जात्याच्या पाळीसारखा लागला. तोच खरखरीतपणा, तेच गारपण.

समोर समुद्रात काळे सुळके उभे आहेत. रात्री गलबत ओढून आणणारे राक्षस पहाटेच्या उन्हाने दगड झाले, अशी त्यांची गोष्ट आहे. आणि इथून सरळ दक्षिणेला निघाले तर अंटार्क्टिकापर्यंत मध्ये कुठेही जमीन नाही, म्हणून लाटा इतक्या लांबून बळ घेऊन येतात. वाहनतळाजवळ मोठा फलक आहे, धोक्याचा दिवाही आहे, आणि समुद्राकडे पाठ करू नका, असे स्पष्ट लिहिलेले आहे. या लाटांनी इथे माणसे ओढून नेलेली आहेत. तो फलक मी चष्मा लावून पूर्ण वाचला, तुझ्या आईला त्याचा मराठीत अर्थ सांगितला, आणि दहा मिनिटांनी समुद्राकडे पाठ करून उभा राहिलो. झाले असे, की लाट मागे गेल्यावर ओल्या वाळूत बुडबुड्यांनी भोके पडलेला एक गोटा दिसला. आपल्या मांजऱ्या खडकाचा सख्खा भाऊ. तो उचलून आईला दाखवायला मी वळलो, तोच ताई ओरडली, "बाबा, मागं या!" मला वाटले, फोटोसाठी म्हणते आहे. पाणी गुडघ्यांपर्यंत आले आणि आल्यापेक्षा जास्त जोराने परत निघाले. पायाखालची वाळू सरकायला लागली. दाजींनी जाकिटाची कॉलर धरून मला ओढले आणि आम्ही दोघेही वाळूत बसलो. गोटा समुद्राने परत नेला. ताई नंतर अर्धा तास माझ्याशी बोलली नाही. तिचे बरोबर होते.

परतीच्या वाटेवर गाडीचा हीटर पायांवर सोडून मी ओले मोजे वाळवत होतो आणि मनात विहीर होती. या देशातला सर्वांत जुना दगडही दीड कोटी वर्षांच्या आसपासचा. आपला साडेसहा कोटींचा. जात एकच, वय वेगळे. आपल्या दगडाला समोरून पाहण्याची सोय विहिरीत नसते. वरून खाली एक काळे तोंड दिसते, आणि तो सलग, आंधळा दगड आहे असे वाटते. आज तो मी आडवा पाहिला. तो सलग नाही. त्याला उभ्या भेगा आहेत, आणि एक थर संपून दुसरा सुरू होतो तिथे सांधा आहे. तिथल्या कड्यांवर जागोजागी असल्या सांध्यांतूनच पाणी पाझरत होते, शेवाळाच्या हिरव्या आडव्या रेघा ओढल्यासारखे. आपल्याकडेही पाणी असते ते अशाच ठिकाणी: भेगांत, मांजऱ्यात, आणि दोन थरांच्या मधल्या तांबड्या मातीच्या पट्ट्याच्या आसपास. हे मी मुलांना शिकवत होतो आणि स्वतःच्या विहिरीवर उभा राहिलो तेव्हा विसरलो. काळा पाषाण लागला म्हणजे पाणी संपले, हे मी चुकीचे बोललो.

तेव्हा यारी उठवू नकोस. लागलेला पाषाण किती जाड आहे हे मला इथून कळणार नाही, म्हणून आधी शेजारच्या दोन विहिरींत उतरून कोणत्या परसाला कोणता दगड आहे ते पाहा आणि वहीत मांडून ठेव. उताराकडच्या विहिरीत पाषाणाखाली तांबडा पट्टा लागला होता, असे मला अंधुक आठवते. तसा पट्टा खरोखर असेल, तर आपल्यालाही तो परस-दीड परसात लागावा. नसेल, तर माझ्या म्हणण्यावर पैसे घालू नकोस. बोअरचे मात्र मी परत येईपर्यंत थांब.

आजीला विचार, ७२ च्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडताना कपाळावर कपची उडाली होती, तो दगड काळा होता की तांबूस. निघताना ती म्हणाली होती, "दगड बघाया कशाला जायाचं तितकं लांब, हितं काय कमी हायेत?" तिला म्हणावे, कमी नाहीत, पण इथले अजून कोवळे आहेत. आणि ज्या दिवशी सुरुंग लावाल, त्या दिवशी सकाळीच तिला गावातल्या घरी नेऊन सोड. तो आवाज तिला आता सोसत नाही.

तुझा,
बाबा