काका-काकी येणार आहेत

प्रिय आई-बाबा,
प्रभू येशूच्या नावात सलाम.

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी 'बरं बरं' म्हणून फोन आईकडं दिला असता आणि आईनं 'जेवलीस का'पासून सुरुवात केली असती. म्हणून लिहिते. मधेच उठून झाडांना पाणी घालायला जाऊ नका, शेवटपर्यंत वाचा.

मी निपाणीला जाऊन काकांना भेटून आले. ईस्टरच्या आधीच्या बुधवारी ते दोघं आपल्याकडं येणार आहेत. ठरलंय, आता कुणी मोडता घालू नका.

तुम्हाला विचारून जायला हवं होतं, कळतं मला. पण विचारलं असतं तर 'पुढच्या वर्षी बघू' झालं असतं. इकडं काकांचे गुडघे गेलेत, तिकडं बाबांची साखर एक दिवस वर, एक दिवस खाली. शिवाय ऑफिसच्या कामानं कोल्हापूरला यायचंच होतं, तिथून निपाणी ती कितीशी लांब? बेळगाव पुढं दीड-दोन तासांवर असून घरी न येता माघारी फिरले, याचं आईला वाईट वाटेल. पण आले असते तर पोटात राहिलं नसतं. चोरून चिंचा खाल्ल्या तरी बाबा माझ्या तोंडाकडं बघून ओळखायचे, अजून ओळखतात.

बाबा, त्या कागदाचं मी उकरत नाही. पैसे तुम्ही पै न् पै फेडलेत. आईच्या पाटल्या कुठं गेल्या तेही मला ठाऊक आहे. पण प्रभुभोजनाच्या रविवारी सगळे भाकर आणि द्राक्षारस घ्यायला पुढं जातात आणि तुम्ही मागच्या बाकावर चष्मा पुसत बसता, हे मी शाळेत असल्यापासून बघतेय. विचारलं की मत्तयाचा पाचवा अध्याय: अर्पण वेदीपाशी ठेव, आधी भावाशी समेट कर. नाहीतर पौलानं करिंथकरांना लिहिलेलं, अयोग्य रीतीनं खाणारा दोषी ठरतो. दोन्ही खरं. पण वचन अर्धं वाचायचं नाही, हे संडे स्कूलमध्ये आम्हाला तुम्हीच शिकवलंत ना? येशू तिथं 'जा' म्हणतो. जाऊन समेट कर, मग परत येऊन अर्पण वाहा. आणि पौल लगेच पुढं लिहितो की माणसानं स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकरीतून खावं. परीक्षा करून बाकावर बसून राहावं असं त्यानं कुठं लिहिलंय? तुमची परीक्षा संपायची कधी, बाबा?

येशूला पैशासाठी धरून देणाऱ्या यहूदालाही पस्तावा झालाच होता. तीस नाणी त्यानं परत नेऊन दिली. याजक म्हणाले, आम्हाला काय त्याचं? आणि तो तिथूनच गेला, प्रभूकडं वळलाच नाही. शिष्य पेत्रानं तर कोळशाच्या शेकोटीपाशी येशूला तीनदा नाकारलं, वर शपथा वाहिल्या. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात समुद्राकाठी पुन्हा कोळशाचाच विस्तव आहे, त्यावर मासळी, शेजारी भाकर. आधी जेवण, मग येशूचा प्रश्न. तोही 'का नाकारलंस' असा नाही, माझ्यावर प्रीती करतोस का, एवढाच. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्राला दुःख झालं, तेही लिहिलंय. दुखणार नाही असं मीही म्हणत नाही.

आणि आपण मेथडिस्ट! आपला पंथ सुरू करणारे वेस्लीसाहेब अमेरिकेतल्या जॉर्जिया वसाहतीतून कसे परतले ते आठवा. जिच्याशी लग्न करायचं मनात होतं तिनं दुसऱ्याशी केलं, मग यांनी तिला प्रभुभोजन नाकारलं, प्रकरण कोर्टात गेलं, आणि 1737 च्या डिसेंबरात ते वसाहत सोडून निघाले. लंडनमध्ये अल्डर्सगेट रस्त्यावरच्या सभेत, ख्रिस्तानं आपलीही पापं दूर केली अशी खात्री त्यांना पटली ती 24 मे 1738 ला, म्हणजे सहा महिन्यांच्या आत. हे तुम्हीच उपदेशात सांगायचा. तुम्ही किती वर्षं लावताय?

काका काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते. खाटेवर बसून तंबाखू मळत होते. तुमचं नाव काढल्यावर अंगठा थांबला. 'इसरलो न्हाई बेबी. कसं इसरंन? पण माझ्याकडनं मिटलंय. त्याला सांगायचं तेवढं ऱ्हायलं.' काकी चहा ठेवायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. आल्यावर म्हणाली, 'येतो, पण जास्त ऱ्हाणार न्हाई.' आई, हे मनाला लावून घेऊ नकोस. घर तिचं गेलं होतं. तिला वेळ लागतोय तर लागू दे, तू तिच्यामागं 'अजून रागावलीस का' करत फिरू नकोस.

आता नीट ऐका. मधल्या खोलीतली ट्रंक हलवून तिथं खाट टाका, गादी दोन दिवस आधी उन्हात घाला. काकांना खाली बसता येत नाही, कमोडची खुर्ची मी मागवलीय, पैसे दिलेत, आणणाऱ्याला परत देऊ नका. काकी बिनसाखरेचा चहा पिते. कुंदा आणा, पण बाबांना चमचाभरच. उत्तम शुक्रवारच्या तीन तासांच्या उपासनेला बाबांनी उपाशीपोटी बसायचं नाही, गोळी आणि खाणं वेळेवर, प्रभू त्यावरून रागावत नाही. स्टँडवर आणायला रिक्षानं जा, स्कूटर काढू नका. बायकांना सरकारी बस फुकट, त्या शक्ती योजनेमुळं काकीला तिकीट पडत नाही, काकांना पडतं, आणि ते संकेश्वरपासून काकतीपर्यंत त्यावरच कुरकुरत येतील. ऐकून घ्या.

गुरुवारी संध्याकाळी प्रभुभोजन आहे. पाळकसाहेबांना मी काही बोललेले नाही, कुणी तुम्हाला काही विचारणार नाही. मात्र काकांना आधाराशिवाय वेदीपर्यंत चालवत नाही, आणि मी काही शुक्रवार सकाळच्या आधी पोचत नाही. तेव्हा त्यांना धरून पुढं न्यायचं काम बाबांचं.

तुमची,
बेबी