भिंत नाही तर नाही, चौकटी तरी परत द्या

मा. शिक्षणमंत्री महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या वर्षी आपण आमच्याकडे येऊन माइकवर जाहीर केलंत की कलाविभागामागची भिंत विद्यार्थ्यांची, तिला कुणी हात लावणार नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. परवा रात्री त्या भिंतीवर चुना फिरला. खाली बावीस पोस्टरं गेली. पोरं तेवीस म्हणतात. नोटिशीत कारण दिलंय, 'संस्थेशी संबंध नसलेल्या बाहेरच्या आंदोलनांना पाठिंबा.'

बाहेरच्या! १९६८च्या मे महिन्यात पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी एकोल दे बोझार ही कलाशाळा ताब्यात घेऊन तिथे छापखाना थाटला. वर्तमानपत्रांच्या रिळांचा उरलासुरला कागद वापरला, पोस्टरवर कुणाची सही नाही. त्यांचा एक पुढारी, दानिएल कोन-बेंदित, पडला जर्मन नागरिक. सरकारने त्याला देशात परत यायला बंदी केली. पोरांनी त्याचा हसरा चेहरा छापला आणि लिहिलं, 'आपण सगळेच नकोसे'. तुमच्या नोटिशीचं उत्तर तेव्हाच छापून झालंय, साहेब.

१९७०मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात सैनिकांच्या गोळ्यांनी चार विद्यार्थी मेले. पोस्टरं छापली बर्कलीच्या पोरांनी, पार कॅलिफोर्नियात, कडेला भोकं असलेल्या रद्दी संगणक-कागदावर. त्यांचा तरी काय 'संबंध'? २०२०मध्ये थायलंड, हाँगकाँग, तैवानच्या तरुणांनी लोकशाहीसाठीच्या एकजुटीची खूण म्हणून दूधवाल्या चहाचे कप एकत्र काढले. पुढच्या वर्षी म्यानमारचा कप आला. ती चित्रं फोनवरून फोनवर गेली. तिथे चुना कुठे मारणार?

आता माझं ऐका. अठ्ठावीस वर्षं स्क्रीन प्रिंटिंग शिकवतोय. स्क्वीजी, म्हणजे जाळीवर शाई ओढायची रबरी पट्टी, ओढून ओढून उजवा खांदा गेला. रात्री त्या कुशीवर वळता येत नाही. औषधांच्या बिलांची फाइल आपल्याच खात्यात तीन वर्षं पडून आहे, दर खेपेला अर्जाचा नमुना बदलतो. भिंतीचा आदेश मात्र एका संध्याकाळीत निघाला. म्हणजे खात्याला घाई करता येते, फक्त माणसासाठी नाही. विभागात दहापैकी सहा जागा रिकाम्या, बहुतेक सातच. त्या भरायला पैसा नाही, चुन्याला आहे. पोरांनी विचारायचं कुणाला? विद्यार्थी संघाची निवडणूक कधीच बंद केलीत.

आपल्या स्वागताचा फलक तेवढा समोर अजून टांगलेला आहे. त्याला संस्थेची परवानगी असणारच. उन्हात पिवळी आणि लाल शाई आधी उडते, त्यामुळे आपला चेहरा निळा पडलाय. छापणाऱ्याला असलं दिसतं, काय करणार.

भिंतीचं राहू द्या. रखवालदारांनी छपाईच्या जाळ्या ताणलेल्या अकरा चौकटी उचलून नेल्या, पावती नऊचीच दिली. एका जाळीवर एका मुलीने काढलेला हात आहे, अर्धाच छापून झालेला. ती जाळी कुणी धुतलेली नाही. शाई आत वाळून बसली की जाळी फाडूनच टाकावी लागते. आज तिसरा दिवस आहे.

आपला,
एक छपाई-शिक्षक