पिंग लागत नाही म्हणून निर्धास्त राहू नका

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

ऑनलाइन फसवणुकीच्या बातम्या पेपरात रोजच असतात, ओटीपी कुणाला देऊ नका हा सल्लाही असतो, बरोबरच आहे, पण आमच्या धंद्यातली एक गोष्ट कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. मी म्हापशाचा, बार्देशातल्या छोट्या हॉटेलांची, गेस्ट हाऊसची नेटवर्कची कामं करतो.

चवथ झाली की सीझनची तयारी सुरू होते, तेव्हा एका गेस्ट हाऊसवाल्याने बोलावलं, वायफाय स्लो म्हणून. ते काम लगेच झालं. जाता जाता विचारलं, पाहुण्यांच्या वायफायवरून तुमचा बिलिंगचा कॉम्प्युटर पोचत नाही ना? पात्रांव, म्हणजे मालक, म्हणाले छे, आधीच्या माणसाने राउटरमध्ये अडवायचा रूल घातलाय, माझ्यासमोर पिंग करून दाखवलं (म्हणजे त्या मशीनला 'आहेस का?' अशी हाक मारून), 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आलं, म्हणजे उत्तर नाही. त्याच कॉम्प्युटरवर पाहुण्यांच्या आधारचे नि पासपोर्टचे स्कॅन, म्हणून मला राहवेना. लॅपटॉप पाहुण्यांच्या वायफायला जोडला, टर्मिनल उघडून एनसी कमांड मारली (एखादं पोर्ट उघडं आहे का ते बघणारी), -झेडव्ही लावून, पुढे त्या मशीनचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, आणि पोर्ट, म्हणजे त्या पत्त्यावरच्या दाराचा नंबर, ३३८९. पटकन 'सक्सीडेड'! ३३८९ म्हणजे रिमोट डेस्कटॉप, पासवर्ड कळला की रूममध्ये बसून अख्खं मशीन हातात.

मग पिंग का लागलं नाही? कारण पिंग आयसीएमपी नावाच्या वेगळ्या पद्धतीवर चालतं, त्यात पोर्ट हा प्रकारच नाही, आणि विंडोजचा स्वतःचा फायरवॉल बहुतेक वेळा पिंगला उत्तरच देत नाही, राउटरच्या रूलचा त्यात काडीचा संबंध नव्हता. राउटर लिनक्सवाला, त्यात आयपीटेबल्स -एल -व्ही -एन (फायरवॉलचे रूल दाखवणारी कमांड) मारून बघितलं तर सगळ्यांना सगळीकडे सोडणारी ओळ वर आणि बिलिंगला अडवणारी तिच्या खाली. रूल वरून खाली तपासले जातात, सोडायचं की अडवायचं हे पहिल्या जुळलेल्या ओळीवरच ठरतं. खालच्या ओळीपुढे पॅकेटचा (डेटाच्या तुकड्यांचा) आकडा ०, म्हणजे बिचारीपर्यंत एकही पॅकेट आलेलं नाही.

ओळ वर नेली, परत एनसी मारली, टाइमआउट. मी खूश. दहा मिनिटांनी किचनमधून बोंब, ऑर्डरी येत नाहीत! वेटरचा टॅब पाहुण्यांच्याच वायफायवर होता आणि त्याच्या ऑर्डरी बिलिंगच्या मशीनवरूनच किचनला जायच्या. चूक माझी, बंद काय व्हायला हवं तेवढंच तपासलं, चालू काय राहायला हवं ते तपासलंच नाही. टॅब स्टाफच्या वायफायवर टाकला तेव्हा मिटलं.

म्हणून हॉटेलवाल्यांना सांगणं एवढंच, नेटवर्क करून देणाऱ्याला पैसे देण्याआधी पाहुण्यांच्या वायफायवर बसवून पोर्टनिशी टेस्ट करून दाखव म्हणा. विंडोजवर पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन आहे, आयपीनंतर -पोर्ट आणि नंबर द्यायचा, शेवटी ट्रू (रस्ता उघडा) की फॉल्स (जोडणी झाली नाही) ते येतं, वेगळं काही घालावं लागत नाही. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर लगेच टाळ्या वाजवू नका, बऱ्याचदा त्याचा अर्थ पॅकेट मशीनपर्यंत पोचलं, तिथे ते पोर्ट फक्त ऐकत नव्हतं, उद्या कोणी ते चालू केलं की रस्ता मोकळाच. यूडीपीला (डेटा पाठवायची दुसरी पद्धत, यात पोचपावती नसते) तर एनसीचं 'सक्सीडेड' धरूच नये, उत्तर आलं नाही तरी ती तसं म्हणते. आणि आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर त्याचे रूल वेगळे, आयपीटेबल्समध्ये लिहिलेलं तिथे लागू होत नाही, आयपी६टेबल्स वेगळं बघावं लागतं, हे तर आमच्यातलेही पुष्कळजण विसरतात.

हे सगळं स्वतःच्या नेटवर्कवर किंवा मालकाची परवानगी घेऊनच करा हां, शेजारच्या हॉटेलच्या मशीनवर हात चालवला तर आयटी कायदा २००० चं कलम ४३ आहे.

आपला,
एक नेटवर्कवाला, म्हापसा