उपाशी सापांच्या उपचारासाठी मदतीचे आवाहन

सर्व सर्पमित्र व नागरिकांना सस्नेह नमस्कार.

जखमी अवस्थेत सापडलेल्या विषारी सापांवर आमच्या केंद्रात रीतसर परवानगीने उपचार होतात आणि बरे झालेले साप पुन्हा निसर्गात सोडले जातात. जाळ्यात अडकून कातडी सोलवटलेला नाग किंवा कुदळीचा घाव बसलेली घोणस, यांच्या जखमा औषधाने भरून येतात; गाडी अडते ती खाण्यापाशी. बंदिवासात आलेला साप पुष्कळदा भक्ष्याला तोंडच लावत नाही आणि त्याला खाते करणे हे जखम शिवण्यापेक्षा अधिक चिकाटीचे काम असते. त्या कामासाठी आम्हाला आपली मदत हवी आहे.

साप जेवत नाही एवढ्यावरून घाबरण्याचे कारण नसते. धडधाकट मोठा साप काही महिनेसुद्धा उपाशी राहू शकतो. कात टाकण्यापूर्वी आणि थंडीत साप आपणहून खाणे सोडतात, समागमाच्या हंगामात नर आणि गाभण असताना माद्याही अनेकदा तसेच वागतात. म्हणून आम्ही उपासाचे दिवस मोजण्यापेक्षा सापाचे वजन नियमित नोंदवतो. वजन सतत घटू लागले, कण्याची रेघ वर दिसू लागली आणि कातडीला सुरकुत्या पडल्या, की कारण शोधावेच लागते. तोंडातला संसर्ग, पोटातले कृमी आणि खवल्यांखाली दडलेले परजीवी किडे पशुवैद्य तपासतात. मात्र अनेकदा दोष सापात नसतो, पेटीत असतो.

सापाचे पचन बाहेरच्या उष्णतेवर चालते. पेटी गार असेल तर तो खात नाही, आणि खाल्लेच तर भक्ष्य पोटात कुजून उलटून पडते, जे उपासापेक्षा घातक आहे. त्यामुळे पेटीचे एक टोक साधारण ३० ते ३२ अंश सेल्सिअस ठेवून दुसरे त्याहून गार ठेवावे लागते, म्हणजे साप आपल्या गरजेप्रमाणे जागा बदलू शकतो. त्याला अंग चोरून बसता येईल अशी अंधारी, अरुंद लपणही दोन्ही टोकांना हवी. चहूबाजूंनी काच असलेल्या पेटीत माणसांची ये-जा दिसत राहिली, तर बुजरा साप तोंड उघडतो तो केवळ फूत्कारासाठी.

भक्ष्य देण्याची रीतही सापागणिक बदलते. आम्ही जिवंत उंदीर देत नाही, कारण घाबरलेला उंदीर अशक्त सापाला चावून जायबंदी करू शकतो. गोठवून ठेवलेला उंदीर पूर्ण वितळवून, गरम पाण्यात कोमट करून लांब चिमट्याने पुढे केला जातो. घोणस त्यावर झडप घालते आणि लगेच सोडून मागे सरते. नवख्याला वाटते, हिला नको आहे. खरे तर त्याच क्षणी उंदीर तिथेच ठेवून दिवा मालवायचा असतो, कारण दंश करून सोडलेल्या भक्ष्याचा वासाने माग काढणे हा तिचा स्वभाव आहे. काही वेळाने जीभ आतबाहेर करीत ती उंदराच्या अंगावरून सरकते, डोक्याची बाजू चाचपते आणि गिळू लागते. मण्यारीची गोष्ट निराळी. ती मुख्यतः इतर साप खाते, म्हणून उंदराच्या अंगावर दुसऱ्या सापाची कात घासून वास लावला तर ती कधीकधी फसते.

बळजबरीने भरवणे हा आमच्या मते शेवटचा उपाय आहे. विषारी सापाला पारदर्शक नळीत घेऊन पशुवैद्याच्या देखरेखीखाली घशात अन्न सोडावे लागते. त्यात माणसाला दंशाचा आणि सापाला तोंड फाटण्याचा धोका असतो, शिवाय धास्तावलेला साप दिलेले सगळे ओकून टाकतो. लोक आम्हाला ‘भरवून का टाकत नाही’ असे विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहिले. घरी कोणीही यातले काही करून पाहू नये.

आम्हाला थर्मोस्टॅटसह उष्णता देणारे पॅड, तापमापक, ग्रॅमपर्यंत अचूक वजनकाटा, लांब चिमटे, कुलूप लावता येणाऱ्या पेट्या आणि केवळ भक्ष्य ठेवण्यासाठी एक स्वतंत्र फ्रीजर हवा आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या उपचाराचा अनुभव असलेल्या पशुवैद्यांनी आठवड्यातून काही तास दिले, तर ती मदत आम्ही सर्वांत मोलाची मानू. जुनी वर्तमानपत्रे पेटीत अंथरायला लागतात. घराभोवती सापडलेली सापाची कातही फेकू नये. ती गोठवून ठेवता येते. रोख देणगी दिल्यास पावती अवश्य घ्यावी.

पिंजऱ्यात पकडलेले किंवा विषारी गोळ्या खाऊन मेलेले उंदीर कृपया आणू नयेत, कारण पकडलेल्या उंदरानेही गोळ्या खाल्लेल्या असू शकतात आणि ते विष सापाच्याही पोटात जाते. वस्तू कार्यालयातच स्वीकारल्या जातील. देणगीदारांसह कोणालाही उपचार कक्षात साप दाखवले जाणार नाहीत, याबद्दल राग मानू नये.

आपले नम्र,
कार्यकारी मंडळ, सर्प उपचार केंद्र