पाट सापडला

चिपळूण, १८ ऑगस्ट २०२१

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही दादाकडे आहात, फोन रोज होतो, तरी पत्र लिहायला बसले. फोनवर बाबा ‘बरं, बरं’ म्हणतात आणि फोन आईकडे देतात. आई विचारते घर कसं आहे, मी म्हणते ठीक आहे. तीन आठवडे हेच चाललंय. आता खरं ते लिहिते.

घर उभं आहे. माजघराच्या भिंतीवर बाबांनी २००५ च्या पुराची पेन्सिलीनं आखलेली रेघ आणि तिच्याखालची ‘२६ जुलै’ ही अक्षरं अजून पुसट दिसतात. यंदाच्या जुलैच्या पुराचं पाणी तिच्यावर चांगलं दोन वीत चढलं. भिंत अजून ओली आहे म्हणून मी नवी रेघ आखली नाही. ते काम तुमचं. गोदरेजचं कपाट पालथं पडलं होतं, आतल्या साड्यांचा एकच गोळा झाला होता. प्लायवूडचं सगळं फुगून फुटलं. शिलाई मशीन वाचेल असं दुरुस्तीवाला म्हणतो. तांदळाचा डबा मी उघडलाच नाही, तसाच बाहेर नेऊन टाकला. आई, तुझी पितळेची भांडी मात्र सगळी आहेत. चिंच लावून घासली तरी गाळाचा वास जात नाही. तो वास या गावात सगळ्यालाच आहे, नोटांनासुद्धा.

कुंभार्ली घाटातून छोट्या गाड्या सोडायला लागले तेव्हा मी आले. खेर्डी सोडली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाद्यांचे ढीग सुरू झाले. गाद्या, फ्रिज, वह्या, औषधांच्या बाटल्या. आपल्या गल्लीत शिरले तर ओट्यावर कोण? बाबांच्या हाताखालून गेलेली चार पोरं, घमेली आणि फावडी घेऊन. मी यायच्या आधीच त्यांनी दोन खोल्यांतला गाळ उपसला होता. गुडघाभर होता म्हणे. कुणी बोलावलं असं विचारलं, तर एक म्हणाला, ‘सरांचं घर माहितीय ना.’ एवढंच. नावंही मी दुसऱ्या दिवशी विचारली.

बाजारपेठेत कोण कुणाचं काय काढतंय तेच कळत नव्हतं. लॉकडाऊनमधून जरा वर आलेले दुकानदार, गणपतीचा माल नुकताच भरलेला. कापडवाल्यांनी ताग्यांचे लगदे ट्रॅक्टरमध्ये भरून पाठवले. मुंबई-ठाण्याकडच्या पालिकांचे सफाई कामगार आले होते. फोटो काढायला येणारे पुष्कळ होते, गटारात उतरले ते हेच. रात्री झोपायला त्यांना कोरडी जागा नव्हती, याची चौकशी फार थोड्यांनी केली. मीही केली नाही, नंतर सुचलं.

घाटावरच्या गावांतून भाकऱ्यांचे टेम्पो आले. फडक्यात बांधलेल्या ज्वारीच्या भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा. आपल्याला तांदळाच्या भाकरीची सवय, पण त्या दिवसांत मी तीन-तीन खाल्ल्या. मदतीतलं सगळंच असं नव्हतं. जुन्या कपड्यांचे ढीग चिखलात पडून कुजले, आणि ते उचलायला पुन्हा माणसं लागली. मला एका पिशवीत जरीचा लग्नातला कोट मिळाला. बायकांना लागणाऱ्या वस्तू मागून घ्यायला लागल्या, पहिल्या चार दिवसांत त्या कुणाला सुचल्याच नव्हत्या. हमरस्त्यालगतच्या घरांत चार-चार किट आणि आतल्या गल्ल्यांत एकही नाही, असंही झालं. मग आमच्या गल्लीतल्या मुलींनी वहीत घरं लिहून काढली, कुठे म्हातारं माणूस, कुठे तान्हं बाळ, आणि टेम्पो नाक्यावरच अडवायला लागल्या. त्यांच्यापुढे पुढाऱ्यांचंही काही चाललं नाही.

होडीवाली पोरं भेटली. तीच, आदल्या दिवशी ईद झालेली असून रात्रभर पाण्यात होती ती. आई, तू वरच्या काकूंच्या गॅलरीतून होडीत उतरताना ‘चप्पल काढू का?’ असं विचारलंस म्हणे. ते अजून सांगतात आणि हसतात. त्यांची स्वतःची घरं पेठमापात पाण्याखाली होती, हे मला त्यांच्या चाचांनी सांगितलं, त्यांनी नाही.

कारणांची तर रोज संध्याकाळी ओट्यावर सभा भरते. कोळकेवाडी धरणाचं अवजल, म्हणजे वीज करून सोडलेलं पाणी, वाशिष्ठी नदीत आणि शिवनदीत साठलेला गाळ, पौर्णिमा जवळ आल्यामुळे खाडीला आलेली भरती, वर डोंगरात कोसळलेला पाऊस. बहादूरशेख नाक्याजवळच्या जुन्या पुलाचा एक भाग गेला, तो जाऊन पाहण्याचाही कार्यक्रम असतो. एसटीच्या आगारप्रमुखांनी ९ लाखांची रोकड सांभाळत बसच्या टपावर तास न्‌ तास काढले, ती गोष्ट प्रत्येक सभेत एकदा होतेच. मला वाटतं सगळी कारणं एकाच रात्री एकत्र आली. पण गाळ काढणं आपल्या हातातलं होतं आणि २००५ नंतर सोळा वर्षं मिळाली होती, याचा राग येतो.

आता बाबा, मुख्य गोष्ट. हे तुम्हाला फोनवर बोलता येणार नाही म्हणून पत्र.

वरच्या काकूंनी मला सांगितलं. पाणी ओसरल्यावर एक मुलगा धान्याचं किट घेऊन आला, तुमच्या हातात ठेवलं, आणि तुम्ही ते परत केलंत. ‘गरजूंना द्या’ म्हणालात. त्या वेळी घरात कोरडा दाणा नव्हता. आई गप्प बसली. रात्री काकूंनी खिचडी खाली पाठवली, ती तुम्ही जेवलात, म्हणजे शेजाऱ्यांचं चालतं. पंचनाम्याला तलाठी आले तेव्हाही ‘आमचं विशेष काही नाही’ असं सांगून त्यांना पुढे पाठवलंत. मी हे ऐकलं आणि मला आधी तुमचा अभिमानच वाटला. तुमचीच मुलगी ना.

काकूंना नाही वाटला. त्या चिडल्या होत्या. म्हणाल्या, ‘पाच साली आमचं सगळं गेलं तेव्हा मास्तर शाळेतून दोन घोंगड्या आणि पोरांच्या वह्या घेऊन आले. आम्ही घेतल्या. तेव्हा आम्हाला लाज वाटायला हवी होती का?’ मला उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचलं तर त्यांनाच सांगा, मला नको.

मी तलाठी कार्यालयात जाऊन पुन्हा अर्ज दिला. तुमचं नाव यादीत आहे. घरात पाणी शिरलेल्यांना सरकारनं १० हजार जाहीर केलेत, त्यासाठी पासबुकाची झेरॉक्स लागेल. ती दादाच्या फोनवरून पाठवा. रागावणार असाल तर रागावा, पण पाठवा. नंतर ते पैसे कुणाला द्यायचे असतील तर खुशाल द्या, त्यात मी पडणार नाही.

वाचनालयात जाऊन आले. १८६४ पासूनचं वाचनालय, पाच साली भिजलेलं, यंदा पुन्हा हजारो पुस्तकं गेली. तुमच्याकडे असलेलं पुस्तक टेबलावरच राहिलं होतं, त्याची पानं वेगळी होत नाहीत. भरपाई किती विचारलं तर तिथल्या बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, ‘सरांना म्हणावं, आधी या.’

पण लगेच येऊ नका. वायरिंग बदलायचंय, वायरमनकडे रांग आहे. फरशीला अजून पाणी सुटतं, आईचे गुडघे धरतील. गणपती १० सप्टेंबरला आहेत, त्याच्या चार दिवस आधी दादा आणून सोडेल. यंदा आपला गणपती काकूंच्या घरी वरच बसेल. त्यांनीच ठरवलं, मला विचारलंही नाही.

मूर्तीचं विचारत होतीस ना आई? मूर्ती घडवतात त्या गणपतीच्या शाळेत पाणी शिरलं. अर्ध्याअधिक मूर्ती कच्च्या होत्या, विरघळून मातीत माती झाली. मूर्तीसाठी आपण आधीच दिलेला लाकडी पाटही वाहून गेला होता. तो मागच्या रविवारी एका माणसानं आणून दिला. दोन गल्ल्या पलीकडे त्याच्या विहिरीच्या कठड्याला अडकला होता. खालच्या बाजूला तैलरंगात बाबांच्या अक्षरात आपलं आडनाव आणि आळी आहे, त्यावरून शोधत आला. मी चहा विचारला, तर म्हणाला अजून दोन पाट पोचवायचेत. सायकलच्या कॅरिअरला बांधलेले होते.

पाट धुऊन, वाळवून पुन्हा शाळेत दिलाय. मूर्ती लहान मिळेल म्हणाले. मी हो म्हटलं.

तुमची,
बेबी