संकल्पांआधी थोडी सोडचिठ्ठी

महोदय,

३१ डिसेंबर जवळ आला की नव्या संकल्पांची घाई. जुनी ओझी तशीच. मोबाइलमधून ॲप काढलं की वर्गणी थांबते, हा भलताच महागडा गैरसमज. बँकेतली ऑटोपेची, म्हणजे आपोआप पैसे कापण्याची, परवानगी चालूच राहते. यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' उघडून ती रद्द करावी, पिन टाकावा, नोंद बदलली का पाहावं. पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना येते, वाचतो कोण!

गावच्या मंडळाचा खजिनदार तोंडी राजीनामा देऊन मुंबई गाठतो, खात्यावर सही मात्र त्याचीच. मग ऐन शिमग्यात चेक अडतो. लेखी राजीनामा, ठराव आणि बँकेत सहीबदल आत्ताच उरकावा. पतसंस्थेतल्या जामीनकीतून नुसत्या पत्रानं सुटका नाही. बदली जामीनदार संस्थेनं स्वीकारावा लागतो.

– एक वाचक, गुहागर