झाड का वाळलं, हे शोधण्याचेही पैसे द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापुरात तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी एप्रिल लागला की एक विद्यार्थिनी आठवते. वडील यंत्रमागावर टॉवेल विणायचे, आई विड्या वळायची. पोरगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. डाळिंबावरच्या तेल्या रोगाबद्दल तिने वर्गात असा एक प्रश्न विचारला की उत्तर द्यायला मला रात्री वाचून यावं लागलं. पुढे पुण्यातल्या एका संस्थेत दोन महिन्यांच्या उन्हाळी प्रकल्पासाठी तिची निवड झाली. पत्राच्या शेवटी एक ओळ होती : राहण्या-जेवणाची सोय विद्यार्थ्याने स्वतः करावी. ती गेली नाही. घरी कुणी नको म्हणालं नव्हतं. सुट्टीत तीही आईच्या सुपाशी बसायची आणि त्या पैशांतून जूनची फी निघायची, एवढंच.

मदत अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्था अधिछात्रवृत्ती देतात, पण ती पीएच.डी.ला. आमची मुलं गळतात ती एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी. देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप आहे, तिला विद्यावेतनही आहे. पण तिचा अर्ज सुट्टीच्या कितीतरी महिने आधी भरायचा, हे सांगणारं घरात कुणी लागतं. प्राध्यापकाच्या मुलाला ते जेवताना कळतं. बाकीच्यांना कॉलेजच्या फलकावर, तेही कुणी लावलं तर. शिफारसपत्र द्यायचं तर शिक्षक त्या मुलाला ओळखणारा हवा, आणि आपल्याकडचे कितीतरी शिक्षक तासिका तत्त्वावर. पुढच्या वर्षी आपणच असू की नाही हे त्यांना माहीत नसतं. त्यांना दोष कसा द्यायचा?

नव्या शैक्षणिक धोरणात चौथ्या वर्षी 'संशोधनासह ऑनर्स' पदवी आली. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील तरच तिथे प्रवेश. सकाळी कॉलेज आणि दुपारपासून रात्रीपर्यंत कापडाच्या दुकानात उभं राहणाऱ्याचे ७२ टक्के कुठल्या हिशेबात धरायचे, याचं उत्तर मला सापडलेलं नाही.

माझी सूचना साधी आहे. 'कमवा आणि शिका' योजना आपल्याकडे आहेच. ग्रंथालयात पुस्तकं लावली, कार्यालयात नोंदी केल्या, बागेला पाणी घातलं की मुलांना तासाप्रमाणे पैसे मिळतात. म्हणजे झाडाला पाणी घालण्याचे पैसे आहेत. तेच झाड का वाळलं हे शोधायला बसलं तर नाहीत! प्रयोगशाळेतले आणि शिवारातले तासही या योजनेत धरा, सुट्टीतले दोन महिने त्यात घ्या.

विषयांना तर तोटाच नाही. आपलं सोलापूर विद्यापीठ शहराजवळच्या केगावला, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही केगावलाच. नान्नजला माळढोक पक्ष्याचं माळरान आहे, मंगळवेढ्याला मालदांडी ज्वारी. आणि शहरात यंत्रमाग आहेत. आपल्या घरात सगळे एवढ्या मोठ्याने का बोलतात, हा प्रश्न मागाच्या खडखडाटात वाढलेल्या मुलालाच पडतो. आवाज मोजायचं यंत्र त्याच्या हातात द्या आणि ते तास मोजून पैसे द्या. विडी वळणाऱ्या बायकांच्या खोकल्याचंही तसंच. तंबाखूची धूळ घरात कुठे कुठे बसते हे त्यांच्या मुलींना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

पुढच्या उन्हाळ्यात विद्यापीठाने निदान वीस मुलांपुरतं हे करून पाहावं. मार्गदर्शक कमी पडत असतील तर मी यायला तयार आहे, आणि माझ्यासारख्या निवृत्त मैत्रिणी आणखी दोघी-तिघी आहेत. मानधन नको. ते त्या मुलांच्या खात्यावर टाका.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका,
सोलापूर